खास तांत्रिक कामासाठी फ्रीलान्स तज्ज्ञ कसा शोधावा? सांगली-मिरज-कुपवाडच्या लघुउद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. बेदाण्याची प्रतवारी करणारी यंत्रं आणि हळद पॉलिशचे ड्रम आम्ही बनवतो. लोखंडाचं काम आमच्या हातचं. पण काही हंगामांपूर्वी तासगावच्या एका गिऱ्हाइकाने "जाळीवरून आकार निघतो हो, मला रंगावरून दाणा वेगळा करून पाहिजे" असं सांगितलं. आता त्याला कॅमेरा लागणार, सॉफ्टवेअर लागणार, नेमक्या क्षणी हवेचा झोत मारणारी यंत्रणा लागणार. आमच्याकडे यातलं कोणालाच काही येत नव्हतं. तेव्हापासून बाहेरचे तज्ज्ञ शोधणं, त्यांच्याकडून काम करून घेणं आणि त्यात ठेचा खाणं सुरू आहे. ओळखीचे उद्योजक फोन करून जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

फ्रीलान्सरच का? पगारावर इंजिनिअर ठेवला तर नाही चालणार?

काम रोजचं असेल तर पगारावरच ठेवा. मशीनची देखभाल, ड्रॉइंग, गिऱ्हाइकाकडची दुरुस्ती याला घरचा माणूस हवा. पण कॅमेऱ्याने दाणा ओळखण्याचं काम एकदा नीट बसलं की वर्षातून चार-सहा दिवसांचं उरतं. त्यासाठी ज्याने अशी दहा मशीनं उभी केली आहेत असा माणूस आपल्याला बाराही महिने परवडत नाही, आणि जो परवडतो तो आपल्याच खर्चाने शिकणार असतो. शीतगृहाच्या विजेच्या बिलाचा अभ्यास, पंपाच्या इम्पेलरचं (आतल्या फिरत्या चाकाचं) विश्लेषण, जुन्या मशीनला नवा पीएलसी (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) बसवणं ही सगळी याच जातीची कामं आहेत.

शोध कुठून सुरू करायचा?

कागदावरून. माणूस शोधण्याआधी काम एका पानावर मराठीत लिहून काढा. इंग्रजी नंतर कोणीही करून देईल. आमचा पहिला प्रयत्न फसला त्यामागे तज्ज्ञाचा दोष होताच, पण मूळ चूक आमची होती. आम्ही त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं की "रंगावरून बेदाणा निवडणारं सॉफ्टवेअर पाहिजे." त्याने ते दिलंही. त्याच्या टेबलावर, पांढऱ्या कागदावर ठेवलेले दाणे ते बरोबर ओळखत होतं. आमच्या मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर दाणे एकमेकांना चिकटून येतात, हे त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं.

त्या पानावर काय हवं? तासाला माल किती जाणार. पट्ट्याचा वेग किती, रुंदी किती, रंग कोणता. चांगला दाणा कशाला म्हणायचं आणि वाईट कशाला. इथे शब्द पुरत नाहीत, प्रत्येक प्रतीचा दोन-दोन किलो माल पिशवीत भरून, चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. शेडमधलं वातावरण कसं आहे. आमच्याकडे पत्र्याखाली एप्रिलमध्ये अंगाची लाही होते, हळदीच्या युनिटमध्ये पिवळी भुकटी काचेवर बसते आणि विजेचा दाब वरखाली होतो. पुण्याच्या वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसाला हे आपोआप कळणार नाही. मशीन चालवणारा कामगार किती शिकलेला आहे, पडद्यावर अक्षरं मराठीत हवीत का, हेही लिहा. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: काम झालं असं तुम्ही केव्हा म्हणणार?

हे पान लिहायला आम्हाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आमच्याच दोन भागीदारांची "वाईट दाणा" कशाला म्हणायचं यावर एकवाक्यता नव्हती, हे आम्हाला पहिल्यांदा कळलं.

असा माणूस भेटतो कुठे?

आधी घराजवळ बघा. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून या जिल्ह्यात यंत्रांवर हात बसलेली माणसं तयार होत आली आहेत. मोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कितीतरी जण सांगली-मिरजेत राहतात. पंप, कास्टिंग, गिअर, साखर कारखान्यातली यंत्रं, यातलं काही असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करा. ते संकेतस्थळावर सापडणार नाहीत. औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजक संघटनेत विचारा, बेअरिंग आणि पॅनेलच्या दुकानदारांना विचारा. कोणाच्या हाताला यश आहे हे माल विकणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे, राजारामनगरला आरआयटी (राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आहे, कऱ्हाडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथले प्राध्यापक संस्थेमार्फत सल्ल्याचं काम घेतात. बिल संस्थेच्या नावाने होतं आणि त्यांचा वेळ सत्राच्या वेळापत्रकात बांधलेला असतो, हे धरून चाला. शीतगृहाचं काम असेल तर रेफ्रिजरेशनवाल्यांची इश्रे ही संघटना, विजेच्या बचतीचं असेल तर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा दिलेले प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक, असे विषयवार रस्ते आहेत.

सॉफ्टवेअर, इलेक्ट्रॉनिक्स, कॅमेरा यांसाठी मात्र ऑनलाइन जावंच लागतं. अपवर्क, फ्रीलान्सर डॉट कॉम या फ्रीलान्सर शोधायच्या संकेतस्थळांवर गर्दी मोठी आहे. शास्त्रीय संशोधनाच्या कामासाठी कोलॅबट्री आहे. लिंक्डइनवर नुसती जाहिरात टाकण्यापेक्षा शोध घ्या. ज्या कंपन्या अशी मशीनं बनवतात, तिथे आधी काम करून आता स्वतंत्र झालेला माणूस शोधा. कॅमेऱ्याच्या कामासाठी आज जो माणूस आमच्याबरोबर आहे, तो आम्हाला असाच मिळाला. प्रोग्रॅमर असेल तर गिटहबवरचं (प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ते संकेतस्थळ) त्याचं काम दुसऱ्या एखाद्या जाणकाराला दाखवा.

मला त्या विषयातलं काहीच कळत नाही. मी त्याची पारख कशी करणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी लाज असते. लाजायचं काही कारण नाही. कोड वाचता आला नाही तरी आपल्याला आपलं मशीन कळतं, आणि पारखायला तेवढं पुरतं.

तो तुम्हाला काय विचारतो याकडे लक्ष द्या. तुमचं पान वाचून "होऊन जाईल, काळजी करू नका" म्हणणारा आणि "दाणा ओला असतो की कोरडा? पट्टा धुता कधी?" असं विचारणारा, यांतला दुसरा निवडा. आमच्या माणसाने पहिल्याच कॉलमध्ये विचारलं होतं, "दाण्याला चकाकी आहे का?" बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढतात, त्यामुळे दाणा चकाकतो. सरळ दिवा लावला तर प्रत्येक दाण्यावर पांढरा ठिपका पडतो आणि कॅमेरा तो ठिपकाच रंग म्हणून धरतो. यावर उपाय म्हणजे घुमटाच्या आतून पसरून येणारा प्रकाश. कॅमेऱ्याच्या आधी दिव्याबद्दल बोलणारा माणूस या धंद्यात मुरलेला असतो.

मग त्याला आपल्या मशीनचं साधं गणित घाला. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर जातो. कॅमेऱ्यापासून हवेचं नोझल २० सेंटिमीटरवर आहे. म्हणजे दाणा पाहिल्यापासून ०.४ सेकंदात निर्णय होऊन झोत सुटला पाहिजे. याच पट्ट्यावर फोटो घेताना शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडं राहिलं तर तेवढ्यात दाणा ५ मिलिमीटर सरकतो. बेदाणाच जेमतेम सेंटिमीटरभर, फोटोत नुसती रेघ दिसेल. हजारावा भाग ठेवला तर अर्धा मिलिमीटर, ते चालतं. पण मग दिवा तितका प्रखर लागतो. ज्याने हे काम खरंच केलं आहे तो हे बोलता बोलता सांगतो. ज्याने केलेलं नाही तो सॉफ्टवेअरची नावं सांगत राहतो.

हल्ली लेखी उत्तरांवर जाऊ नका. कोणत्याही प्रश्नाचं गुळगुळीत उत्तर एआयकडून मिनिटात तयार होतं. व्हिडिओ कॉल करा, मोबाइल हातात घेऊन मशीनभोवती फिरा आणि त्याला तिथल्या तिथे बोलू द्या.

आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. काम कसं झालं हे विचारूच नका, सगळे चांगलंच सांगतात. "पैसे पूर्ण दिल्यानंतर सहा महिन्यांनी फोन केला तर उचलला का?" एवढंच विचारा.

तो म्हणतो अचूकता ९९ टक्के. हे चांगलं आहे ना?

त्या आकड्यावर एकदम भाळू नका. हजार दाण्यांत ५० खराब आहेत असं धरा. मशीनने एकही दाणा उडवला नाही, नुसता पट्टा फिरवला, तरी ९५० दाण्यांबाबत ते "बरोबर" ठरतं. अचूकता ९५ टक्के! म्हणून दोन वेगळे आकडे मागा. त्या ५० खराब दाण्यांतले किती पकडले? आणि ९५० चांगल्यांतले किती चुकून उडवले? निर्यातदाराला पहिला आकडा महत्त्वाचा, कारण खोक्यात एक खडा किंवा काळा दाणा गेला तर सगळा माल परत येऊ शकतो. सौद्यात विकणाऱ्या व्यापाऱ्याला दुसरा आकडा टोचतो, कारण त्याचा चांगला माल खराबात जातो. तुमचं गिऱ्हाईक कोणतं, त्यावर मशीन कडक ठेवायचं की सैल हे ठरतं. तो निर्णय तज्ज्ञाचा नाही, तुमचा आहे. हे दोन्ही आकडे करारात लिहा आणि तपासणी तुमच्या पिशवीतल्या मालावर, तुमच्या शेडमध्ये, पट्टा पूर्ण वेगाने चालू असताना करा.

काम उक्तं द्यायचं की तासावर?

काय हवं ते पानावर नेमकं उतरलं असेल तर उक्तं. शोधकाम असेल, म्हणजे होईल की नाही हेच माहीत नसेल, तर तासावर किंवा दिवसावर. पण मर्यादा घालून. अनिश्चित काम उक्तं घेणारा एकतर दुप्पट भाव लावतो किंवा मध्येच पळतो, आणि दोन्हींत त्याला दोष देता येत नाही.

आम्ही आता दोन टप्पे करतो. पहिला टप्पा छोटा, दोन आठवड्यांचा, पैसे मोजून. त्यात त्याने आमचा नमुना घेऊन फक्त एवढं दाखवायचं की हे काम होऊ शकतं, आणि कशाने होईल ते लेखी द्यायचं. फुकट चाचणी मागू नका. चांगला माणूस फुकट काम करत नाही आणि जो करतो तो मन लावून करत नाही.

आगाऊ किती द्यावेत?

ऊसतोडीच्या उचलीसारखी मोठी रक्कम कधीही देऊ नका. पाचवा हिस्सा सुरुवातीला, पुढचे पैसे टप्प्यांवर, आणि निदान पाचवा हिस्सा मशीन एक हंगाम चालल्यावर. कॅमेरा, लेन्स असं सामान असेल तर पैसे त्याच्या हातात देण्यापेक्षा बिल तुमच्या नावाने करून तुम्हीच खरेदी करा; वॉरंटीही तुमच्याकडे राहते. अपवर्कवर उक्त्या कामाचे पैसे आधी तिसऱ्या जागी अडकवून ठेवतात. पण काम जमा झाल्यावर १४ दिवसांत तुम्ही काही बोलला नाहीत तर ते आपोआप सुटतात. हंगामाच्या धावपळीत ही तारीख हुकते, म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तो बेंगळुरूला आहे. एकदाही न येता काम होईल का?

निव्वळ सॉफ्टवेअर असेल तर होईल. मशीनला हात लागणार असेल तर नाही. निदान दोन फेऱ्या धरा, एक मोजमापाला आणि एक बसवायला. प्रवास, राहणं, जेवण कोणाचं, आणि काम लांबलं तर जादा दिवसाचा दर काय, हे आधी ठरवा. तो येण्याआधी पट्टा, हवेचा दाब, वायरिंग तयार पाहिजे. वेल्डिंग व्हायचंय म्हणून तज्ज्ञ दोन दिवस खुर्चीवर बसून राहिला, हा आमच्याकडचा खर्च आहे आणि तो पूर्णपणे टाळण्यासारखा होता.

पैसे मी दिले, म्हणजे कोड माझा झाला ना?

नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिला तर हक्क मालकाचा. स्वतंत्र माणसाने कंत्राटावर लिहिला तर, वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा, हक्क त्याचाच राहतो. तो तुमच्याकडे यायला लेखी आणि त्याच्या सहीचं हस्तांतरण लागतं. त्यातही मेख आहे. मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरतं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणून "कायमस्वरूपी आणि जगभरासाठी" हे शब्द करारात हवेतच. मशीन उद्या परदेशात गेलं तर अडचण नको.

त्याने स्वतःची जुनी, आधीच लिहिलेली साधनं त्यात वापरली असतील तर ती त्याचीच राहणार, आणि ते न्याय्य आहे. ती आपल्याला आपल्या मशीनांत कायम वापरता येतील एवढी परवानगी घ्या.

काम संपल्यावर त्याच्याकडून नक्की काय ताब्यात घ्यायचं?

इथे आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या एका जुन्या मशीनचा पीएलसी एका बाहेरच्या माणसाने केला होता. मशीन छान चालत होतं. पुढे मार्चमध्ये, ऐन बेदाण्याच्या गर्दीत पीएलसी जळाला. नवा दोन दिवसांत आला, पण त्यात घालायला प्रोग्रॅम नव्हता. मूळ फाइल त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि त्याचा फोन बंद. गिऱ्हाइकाचं मशीन एकोणीस दिवस उभं राहिलं. शेडवर माल येऊन पडला होता आणि तो शेतकरी रोज सकाळी फोन करायचा. त्या आवाजात राग नव्हता, काकुळती होती, आणि ती मला आजही आठवते.

तेव्हापासून शेवटचा हप्ता देण्याआधी आम्ही मागून घेतो ते असं: पीएलसीची मूळ फाइल टिपणांसकट (बऱ्याच पीएलसींमधून प्रोग्रॅम परत वाचला तर टिपणं आणि नावं येत नाहीत), स्क्रीनची फाइल, ड्राइव्हमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणातल्या) पॅरामीटरची यादी, वायरिंगचा नकाशा आणि सगळे पासवर्ड. कॅमेऱ्याच्या कामात शिकवलेलं मॉडेल (फोटोंवरून दाणा ओळखायला शिकलेला प्रोग्रॅम), ते शिकवायला वापरलेले फोटो आणि त्या फोटोंवर कोणता दाणा चांगला, कोणता वाईट अशा केलेल्या खुणाही घ्या. पुढच्या वर्षी नवा माणूस आला तर त्याला खरी गरज याच फोटोंची असते. क्लाउडचं खातं पहिल्या दिवसापासून तुमच्या ईमेलवर उघडा.

नुसत्या फाइली घेऊन थांबू नका. त्याच्यासमोर मशीन कोरं करा आणि दिलेल्या फाइलींवरून आपल्या माणसाकडून पुन्हा चालू करून घ्या. तासाभराचं काम आहे. मग ती प्रत दोन वेगळ्या जागी ठेवा. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला दोन जागा कशाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तो माझीच कल्पना शेजारच्याला विकेल. "पाच वर्षं दुसऱ्याचं असं काम करणार नाही" असं लिहून घेऊ का?

लिहून घेतलं तरी कोर्टात टिकणं कठीण. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ माणसाच्या पोटापाण्याच्या धंद्यावर बंदी घालणारे करार निरर्थक ठरवतं. गुप्ततेचा करार मात्र टिकतो. त्यात "सगळी माहिती" असं मोघम लिहू नका. गिऱ्हाइकांची नावं, नोझलची रचना, प्रतवारीचे निकष, असं नाव घेऊन लिहा. आणि ज्याला ज्या भागाची गरज आहे, तेवढंच ड्रॉइंग त्याला द्या.

टीडीएस, जीएसटीचं काय?

तुमच्या सीएला विचाराच, पण ढोबळ असं: आर्थिक वर्षात एकाच माणसाला दिलेली अशी फी ५०,००० रुपयांच्या वर गेली की टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) लागतो. तांत्रिक सेवेला २ टक्के, व्यावसायिक सेवेला १० टक्के; तुमचं काम कशात बसतं ते सीए ठरवेल. तुमच्या धंद्याची एकट्याची मालकी असेल तर हा नियम तुमची मागच्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या वर असेल तेव्हाच लागतो. पॅन नसलेल्या माणसाचा थेट २० टक्के कापावा लागतो, म्हणून पॅन आधी मागा. त्याची वर्षाची सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तो बहुधा जीएसटी लावणार नाही.

एक गोष्ट बरेच विसरतात. त्याची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज, आणि तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. आपण स्वतः मोठ्या कंपन्यांच्या मागे याच कायद्याचा आधार घेऊन फिरतो. आपल्याकडे काम करणाऱ्यालाही तोच हक्क आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतलं तर?

पहिल्या टप्प्याला उत्तम. फोटो काढणं, खुणा करणं, होईल की नाही हे तपासणं ती मन लावून करतात. पण हंगामात दिवसाला सोळा तास चालणारं मशीन त्यांच्या भरवशावर सोडू नका. नेमकी त्याच महिन्यांत त्यांची परीक्षा असते.

फ्रीलान्सरला कोणतं काम देऊ नये?

ज्याला कायद्याने परवाना लागतो ते, परवाना न पाहता देऊ नका. बॉयलरमधला बदल बाष्पके संचालनालयाच्या मंजुरीशिवाय होत नाही. विजेची जोडणी परवानाधारक कंत्राटदाराचीच हवी. शीतगृहातल्या अमोनियाच्या टाक्या आणि पाइप यांना हात लावणारा माणूस फक्त हुशार असून चालत नाही. अमोनिया गळला तर शेजारची वस्तीही त्यात येते. सल्ला कोणाचाही घ्या, पण सही अधिकार असलेल्याची हवी.

शोध कधी सुरू करावा?

बेदाण्यासाठी जूनमध्ये. फेब्रुवारीपासून माल सुरू होतो, म्हणजे जानेवारीत मशीन फिरायला हवं. त्याआधीचे दोन महिने चाचणीला, त्याआधीचे तीन कामाला आणि उरलेला वेळ माणूस शोधायला. दसऱ्यानंतर सुरुवात केलीत तर मिळेल तो माणूस घ्यावा लागतो. चाचणीचा माल शीतगृहात आधीच राखून ठेवा. नोव्हेंबरमध्ये ताजा बेदाणा कुठून आणणार?

त्याने मध्येच सोडलं तर?

टप्प्याटप्प्याने फाइली घेतल्या असतील तर अर्धं काम हातात असतं. दर शुक्रवारी आठवड्याचं काम तुमच्या खात्यात जमा व्हायला हवं, ही अट घाला. करारात वादाचं ठिकाण सांगली लिहा. पण कोर्टात जाण्याआधी एकदा त्याच्याशी शांतपणे बोला. आमच्या एका माणसाच्या घरी वडील दवाखान्यात होते आणि तो सांगायला संकोचत होता. आम्ही मुदत वाढवली, त्याने काम पुरं केलं.

चांगला माणूस मिळाला. आता तो टिकवायचा कसा?

पैसे ठरलेल्या दिवशी द्या. मशीन चालताना व्हिडिओ काढून पाठवा. आपलं काम प्रत्यक्ष चालताना त्याला एरवी दिसतच नाही. गिऱ्हाइकासमोर त्याचं नाव घ्या. आणि वर्षाचा छोटा देखभाल करार करा, म्हणजे फोन करायला दोघांनाही संकोच वाटत नाही. आमचा कॅमेऱ्याचा माणूस दर डिसेंबरात दोन दिवस येतो, काचा पुसतो, दिव्याचा उजेड मोजतो, नव्या मालाचे फोटो घेऊन मॉडेलला पुन्हा शिकवतो. मागच्या वेळी त्याने आमच्या वेल्डरच्या मुलीला, ती डिप्लोमाला आहे, शेजारी बसवून फोटोंवर खुणा कशा करायच्या ते दाखवलं. या डिसेंबरातल्या खुणा ती करणार आहे.